आरतीच्या डब्यातला सिनेमा

समर कॅम्पमधल्या पोरांना कुऱ्हाडीने तोडणाऱ्या खुन्याचा एक जुना सिनेमा म्हणजे माझं वेड. बजेट एवढं फाटकं की रक्त म्हणजे सरळ टोमॅटो सॉस! पण माझ्याकडे त्याच्या तीन डीव्हीडी आहेत. तिसरी, अनकट, म्हणजे सेन्सॉरची कात्री न लागलेली, अमेरिकेहून मागवली. कव्हरवर तुटलेलं मुंडकं. बायको म्हणाली, "हे घरात दिसलं तर फेकून देईन." म्हणून डिस्क मी आरतीच्या डीव्हीडीच्या डब्यात लपवली. आरती आम्ही फोनवर लावतो, तो डबा उघडतंय कोण!

गणपतीत इथे आखातात, आमच्या अदलिया भागातल्या हॉलवर पोचलो, तर मंडळाचे जोशीकाका प्लेयरमध्ये डिस्क सारत होते. "नेट बंद पडलं रे! बरं झालं, तुझ्या बायकोने घरून आरती आणली." टीव्हीसमोर सगळी लहान पोरं हात जोडून उभी. आणि काकांच्या काखेत तोच डबा!

स्क्रीन निळी झाली. अक्षरं उमटली : ही डिस्क या प्रदेशात चालणार नाही. माझा घरचा प्लेयर कुठल्याही देशाची डिस्क चालवतो, हॉलमधला नाही! मी बाप्पासमोर साष्टांग आडवा झालो.

काका चष्मा सावरत म्हणाले, "कमाल आहे! इथे आरतीलासुद्धा व्हिसा लागतो?"