टीपकागदावरची कारली

कुसुमताई : चष्मा लावून नीट बघा. तुमच्या टीपकागदावर कारल्याच्या पाचही बिया फुटल्यात. माझ्या गमल्यात अजून नुसती माती. जिंकलात तुम्ही.

दिनकरराव : हे शक्य नाही!

कुसुमताई : का हो? आठ दिवस तर ऐकवत होता, ओला टीपकागद, वर फडकं, चुलीजवळची ऊब. मातीत बी पुरणं म्हणे अडाणीपणा.

दिनकरराव : म्हणालो असेन. पण माती ती मातीच गं. तुझ्या गमल्याला आणखी दोन दिवस दे.

कुसुमताई : बिलकुल नाही. ज्याचं बी आधी फुटेल त्याचं ऐकायचं, सासूबाईंसमोर ठरलंय. एक तारखेला मध्यभारत राज्य संपणार, तुमचं दफ्तर भोपाळला चाललं. मी म्हणाले, ग्वाल्हेर सोडणार नाही. तुम्ही म्हणालात, यावंच लागेल. हरले मी. ट्रंका काढू?

दिनकरराव : एवढी घाई कसली! तिथे अजून घराचा पत्ता नाही. शिवाय इथे कंपू मोहल्ल्यात तुझी आई...

कुसुमताई : अगंबाई! जिंकलेला माणूस माझी वकिली करतोय.

दिनकरराव : अगं, त्या बिया फुटूच शकत नाहीत. मी उकळल्या होत्या. चहाच्या पातेल्यात.

कुसुमताई : तरीच सोमवारी चहा कडूजहर लागला!

दिनकरराव : तू सारखे डोळे पुसत होतीस. म्हटलं, आपणच हरावं. पण मग ह्या फुटल्या कशा? आणि कागदाला ही माती कुठली?

कुसुमताई : चांगली पुसली होती हो मी.

दिनकरराव : म्हणजे ह्या तुझ्या गमल्यातल्या?

कुसुमताई : तुमच्या पार गिळगिळीत झाल्या होत्या. मला वाटलं, चुलीची ऊब जास्त झाली. मग माझ्या उकरून ठेवल्या.

दिनकरराव : पण तुला तर यायचंच नव्हतं!

कुसुमताई : सासूबाईंसमोर, शेजारच्या शांताताईंसमोर बोलून बसले. मग कोणत्या तोंडानं 'येते' म्हणू? हरले असते तर नाक वर ठेवून आले असते. आई तर केव्हाची म्हणतेय, जा. डोळे पुसत होते ते तुम्ही एकटे जाल म्हणून.

दिनकरराव : मग मला तरी सांगायचंस.

कुसुमताई : तुम्ही विचारलंत कुठे? पंधरा दिवस नुसता हुकूम.

(दिनकरराव चष्मा काढून उगीचच पुसत राहतात.)

दिनकरराव : येशील का गं माझ्याबरोबर?

कुसुमताई : येईन की.