अन्नपूर्णाकाकूच्या विहिरीकडे जाणारा बाण

"तुहा कागद माह्या मांडीवर येऊन राह्यला, पोरी."

मोताळ्याहून बुलडाण्याला निघालेल्या एसटीत संजीवनीबाईंनी कुरकुर केली खरी, पण कागद काही सरकवला नाही. खिडकीशी बाप, मधे कॉलेजात शिकणारी लेक, कडेला त्या. कागदावर पोरीनं गावचं पाणी काढलं होतं: पाऊस, विहिरी, बोर, पिकं आणि कशानं काय होतं ते दाखवणारे बाण.

"सॉरी मावशी. बाबा, हा बाण काऊन खोडला तुमी?"

"कोणता?"

"आपल्या बोरापासून शेजारच्या वावरातल्या अन्नपूर्णाकाकूच्या विहिरीकडे जाणारा."

"तिची विहीर पाऊस कमी पडला म्हणून आटली."

"त्या साली पाऊस बरा होता. आकडे आहेत माह्याजवळ."

"मंग तिनं दोन वर्षं विहीर पुजली नाही. सारं गाव म्हणते."

"देवीच्या कोपाचा बाण कुठून काढू, बाबा? सर म्हणतात, एक बाण लपवला का सारं चित्र खोटं."

"तुह्या सराले आपल्या गावात राहाचं नाही."

"काकू तरी कुठं राह्यली? विहीर आटली अन् गाव सोडून गेली."

घाट लागला. संजीवनीबाईंनी कागदाचं टोक वाऱ्यानं उडू नये म्हणून धरून ठेवलं.

"परवा ग्रामसभेत मांडायचं आहे, बाबा. काय सांगू लोकायले?"

"काढ तो बाण परत."

"नक्की?"

"आपला बोर पाचशे फूट नेला, त्याच महिन्यात तिचं पाणी गेलं. मले तवाच समजलं होतं. विहीर पुजली नाही, हे गावात पहिले मीच बोललो."