उजव्या कडेची हजेरी

तमाम लोकांना जाहीर करण्यात येतं, की टेंभुर्णीचा एक शिकलेला माणूस, हातपाय धड असताना, सरकार बदललं आणि बसल्या जागी अडाणी झाला. तो माणूस मी. हसा, पण पुढचं ऐका.

बापानं मला उर्दू चौथी जमात शिकवलं, गावातले लोक कागद वाचून घ्यायला माझ्याकडं यायचे, मंग जालन्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी हजेरी लिहायला लागलो, खुर्चीवर बसून, कानावर पेन्सिल लावून. निजाम गेला, आणि काय सांगू तुम्हाला, रोज एक नवा कायदा. आठ तासांनी भोंगा, भोंगा झाला की घरी जा. आठवड्यातून एक दिवस कामावर यायचंच न्हाई. आम्ही तरी फाटकाशी येऊन बसायचो, सुट्टी दिली का काढून टाकलं, हेच बराबर कळंना.

आमची कारभारीण गया तिथंच कापसातला कचरा निवडायची. भोंग्यानंतर कामगारांसाठी मराठीचा वर्ग निघाला, तर ही पाटी घेऊन पहिल्या ओळीत. शेठ मला म्हणाले, आता हजेरी मराठीत, ती तपासायला सरकारी इन्स्पेक्टर येणार हाय, जमत नसंल तर गाठी उचलायला जा. गाठी! माझी कंबर तेव्हाच कुरकुरायची. बसलो गयाच्या मागं. ती वळून म्हणायची, अहो चौथी पास, तुमच्या क चं पोट कुठं गेलं?

महिन्याची पहिली तारीख आली. नवं बुक, नावं मुनीमजींनी लिहिलेली, मी फक्त हजर असल्याची खूण करायची. केली, ऐटीत केली. इन्स्पेक्टरनं बुक पाहिलं, मला पाहिलं, परत बुक पाहिलं. म्हणाला, आज एक तारीख, मंग हे सगळे एकतीस तारखेला कामावर येऊन गेले कसे? शेठ पांढरे पडले. खोटी हजेरी म्हणून तो माझं नाव लिहायला लागला. मला कळंनाच मी काय केलं. उर्दू बुक उजवीकडून भरायची इतक्या वर्षांची सवय, वरच्या तारखा न बघताच हात बिलकुल शेवटच्या रकान्यात गेल्ता.

खुर्ची राहिली, आजही तिच्यावरच बसतो, पण त्यात माझी हुशारी काही न्हाई. अंगावरचा कापूस झटकत गया आली, बुकात डोकावली, आणि इन्स्पेक्टरला लिहिता लिहिता हसू फुटलं ते ती जे बोलली त्यानं. म्हणाली, साहेब, माणूस बराबर हाय, बाजू तुमच्या सरकारनं बदलली!