कोठीतले शेअर

काय सांगू, आमच्या अकोल्यातल्या शेजारच्या मास्तरांनी धाकट्या लेकीच्या लग्नासाठी गिरणीचे शेअर घेतले. चोरांच्या भीतीनं त्यांच्या बायकोनं, कमलबाईंनी, ते कागद डब्यात घालून गव्हाच्या कोठीत पार तळाशी ठेवले. एक दिवस पेपरात भाव पडल्याचं वाचून मास्तर घाबरे झाले.

"डबा काढ, आजच विकतो!"

"वरून तीन पोते गहू ओतला ना जी! तुमीच उपसा."

मी विरजणाच्या निमित्तानं तिथंच उभी. मास्तरांनी चार टोपल्या उपसल्या अन् कंबर धरून बसले.

गहू खाऊन संपेपर्यंत भाव दुप्पट झाला. कमलबाईंनी डबा पुढे केला, "घ्या, विका आता."

मास्तर म्हणाले, "कायले? नवा गहू आला ना? ओत वरून!"