धोंडू कासवाच्या चोरीची तक्रार मागे घेण्याबाबत

पुरवणी जबाब, दि. १९ ऑगस्ट २०२५

नाव : श्रीमती आवडी चांगू उतेकर, वय ७१ वर्षे, धंदा : घरकाम, पूर्वी शेती. शिक्षण : दुसरी, सही करते. राहणार : बाजारपेठेच्या मागे, पोलादपूर, जि. रायगड.

मी आपण होऊन ठाण्यात आले असून, कोणी शिकवून पाठविलेले नाही. सांगते ती हकीगत अशी की, वरील पत्त्यावर मी व माझी नात श्रिया, वय २४, अशा दोघी भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. श्रिया महाडला कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीस आहे. आमचे मूळ घर महाड तालुक्यात डोंगरात होते. सन २०२१ च्या जुलैत त्या घरावर दरड आली तेव्हा मी शिवथरला बहिणीकडे आणि श्रिया महाडला वसतिगृहात होती. घरी मुलगा, सून व दोन बैल होते. त्याचे कागद तहसीलला आहेत.

श्रियाकडे एक कासव आहे. ते आफ्रिकेकडच्या जातीचे असून त्याच्या सरकारी नोंदीचा कागद दाखविला आहे. श्रिया त्यास ऑस्कर म्हणते, मी धोंडू म्हणते. ते दोघींकडेही बघत नाही.

जून महिन्यात श्रियाने बाहेरच्या खोलीत त्याच्यासाठी लाकडी पेटी करून घेतली. लांबी सहा फूट, रुंदी तीन फूट. आत ताडपत्री, तळाला चार बोटे खडी, तिच्यावर जाळीचे कापड आणि वर हातभर माती, वाळू व नारळाचा भुसा. "पाण्याला खाली जायला जागा लागते आजी, नाहीतर माती फुगते," असे ती सांगू लागली. मी म्हटले, "ते मला नको शिकवू गो."

माती गावच्या आपल्या बांधावरून आणू, असे ती म्हणाली होती. मी म्हटले, "तिथली माती ह्या घरात येणार नाय." मग महाडच्या रोपवाटिकेतून सहा गोणी आणल्या. वर सुका पाला पसरला, दूर्वा व कोरफड लावली, ऊब देणारा एक दिवा व उन्हासारखा एक दिवा टांगला. मातीत गांडुळे, हात लावल्यावर गोळी होणारे किडे आणि दिसतील न दिसतील असे पांढरे किडे सोडले. ते कासवाची घाण खातात, त्यामुळे माती रोज काढावी लागत नाही. "जन्मभर मी किडे चपलेने मारले आणि तू पार्सलाने मागवतेस," असे मी बोलले. परंतु घरात वास येत नाही, हे खरे आहे.

दि. १७ रोजी सकाळी श्रिया कामाच्या शिकवणीसाठी पुण्यास गेली. संध्याकाळी पाचच्या सुमारास शेजारी भिकाजी सकपाळ, भाजीवाले, हे कासवासाठी जास्वंदीचा पाला देऊन गेले. त्यानंतर वीज गेली, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. दि. १८ रोजी सकाळी सात वाजता पेटीत कासव दिसले नाही. मी खाटेखाली, मोरीत, तांदळाच्या पिंपामागे व जिन्यात पाहिले.

भिकाजीवर संशय घेतला त्याचे कारण, मागच्या महिन्यात त्याने कासव उलटे धरून नखे मोजली होती. "वयनी, वीस भरली तर गुप्तधन दाखवतं म्हणतात," असे तो म्हणाला. मी म्हटले, "तुला तुझी चप्पल दाखवलीन तरी पुष्कळ हाय. खाली ठेव त्याला."

श्रियाला फोन केला. तिने विचारले, "माती उकरून बघितलीस का? ते थंडीला आत शिरतं." मी हो म्हणाले. ते खोटे होते. मातीला मी हात लावला नव्हता. ती म्हणाली, मग तक्रार दे. त्याप्रमाणे मी ठाण्यात येऊन भिकाजीचे नाव सांगितले.

आज दि. १९ रोजी भिकाजीला सकाळी अकरापासून ठाण्यात बसविले होते. दुपारी तीन वाजता पोलीस शिपाई वैशालीताई पंचनाम्यास घरी आल्या. त्यांनीही विचारले, मातीत पाहिलेत का? मी पुन्हा हो म्हणाले. तरी त्यांनी बाह्या वर करून पाला बाजूला सारला. मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने त्यांनी आतून हाक मारली, "आजी, हाय इथं! हलतंय!" तीनदा हाक मारली. मग मी आत गेले.

कासव कोपऱ्यात, वीतभर खाली होते. डोळ्यांवर माती होती. त्याने फुस्स केले व डोके आत घेतले. वैशालीताईंनी ते माझ्या हातात दिले. मी ते पदराने पुसले व दिव्याखाली ठेवले. साडेतीनला त्याने पाला खाल्ला.

माती का उकरली नाही, असे येथे मला विचारण्यात आले. त्यावर मला काही सांगायचे नाही.

भिकाजीने काही चोरलेले नाही. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. तो बाकावर बसून होता, मला म्हणाला, "वयनी, सकाळपासून चहाचा घोट नाय." मी म्हटले, "चल घरी, करते. नखं मोजायची नायत." चूक माझी आहे, हे त्याला सर्वांसमोर सांगितले आहे. श्रियालाही फोनवर खरे सांगितले.  ती "बरं आजी" म्हणाली.

लिहिलेले सर्व हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखविले. त्यात "कासव मातीत गाडले गेलेले मिळून आले" असे होते. ते मी खोडायला लावले. कासव आपल्या पायाने आत गेले होते आणि जिवंत बाहेर आले, असे लिहिण्यास सांगितले. आता बरोबर आहे. सही करते.

आवडी चांगू उतेकर