गोजरबाईचं काळं गाठोडं

एवढ्या मोठ्या जगाला दुसरा दिवस न्हाई का गावला? ऐन संक्रांतीलाच? तर तुम्हाला सांगते, पारनेर तालुक्यात एक गोजरबाई हुती, तिचा नातू हर्षल, अन् नवी नातसून अश्विनी. तिकडं पुण्यात देशोदेशीच्या पुढाऱ्यांची पाण्यावरची परिषद भरली, अन् ते समदे आमच्याकडचे बंधारे बघायला येणार... आठ दिवस आधीपासून गावात माणसांपेक्षा पोलीसच जास्त! का, तर दुधाला भाव न्हाई म्हणून दूधवाले काळे झेंडे दाखवणार अशी खबर. हवालदार सूर्यभान घरोघर फिरतोय, "आज्जे, काळं कायबी दिसता कामा नये! न्हाईतर केस व्हईल!"

केस! हर्षल पोलीसभरतीत पळून, परीक्षा देऊन पास झालेला, नुसता घरच्या चौकशीचा कागद राहिलेला... अन् घरात काळं काय थोडं असतं का हो? नातसुनेची पहिली संक्रांत, तिची काळी साडी! छत्री! दारावरची नजरेची बाहुली! दिसता कामा नये म्हंजे न्हाई! तिनं समदं गाठोड्यात बांधलं अन् कुणाला न सांगता रस्त्याखालच्या मोरीत नेऊन सारलं.

आता सांगा! त्याच रस्त्यानं पाहुणे यायचे! संक्रांतीच्या सकाळी पोलिसांचं कुत्रं आलं, मोरीपाशी थबकलं, भुंकलं... शिट्ट्या, पळापळ, "बेवारस वस्तू! मागं व्हा!" गाड्यांची रांग फाट्यावरच खोळंबली. जाडजूड कपडे घातलेला एक जण मोरीकडं निघाला. बोलावं तर नातवाची नोकरी जाती, न बोलावं तर ते पोरगं जिवावर उदार हून साडी उचलायला चाललंय...

"आरं थांब लेकरा! माझंच हाय ते!"

पोलिसांचे मोठे साहेब धावत आले. "काय आहे त्यात?"

"काळं."

"लपवलं कशाला?"

"तुमच्याच हवालदारानं सांगितलं, दिसता कामा नये! दिसलं का कुणाला? कुत्र्याला सापडलं त्याला मी काय करू?"

साहेबांनी सूर्यभानकडं बघितलं, सूर्यभाननं बुटांकडं. केस करावी तर कागदात पहिलं नाव हवालदाराचंच की! "घेऊन जा, आज्जी," एवढंच म्हणले. पाहुणे फाट्यावरच मोबाईलमधी बंधारा बघून माघारी गेले.

पुढं हर्षलची चौकशी आली ती नेमकी सूर्यभानकडंच. त्यानं लिहिलं, घरातली माणसं पोलिसांचा शब्द जरा जास्तीच मानतात. झालं! हर्षल भरती झाला, नशीब उघडलं... अन् तवापासून पोळा न्हाई, दिवाळी न्हाई, सण आला की त्याचा बंदोबस्त आला. गोजरबाई म्हणती, "सरकारची नोकरी मिळाली बाई, आता सरकारकडनं नातू तेवढा मागून घ्यायचा राह्यलाय!"