गुडघ्याला कळणारं पाणी

(कळंब. सकाळ. मागच्या अंगणात न्हाणीतला तांब्याचा बंब आडवा पाडलेला. येडशीहून आलेला तांबट बब्रुवान त्याच्यापाशी उकिडवा. घरमालक गुंडप्पा गिझरच्या खोक्यावर बसलेले. त्यांच्या पत्नी रुद्रम्मा स्वयंपाकघराच्या दारात.)

बब्रुवान : ते समदं खरं, आप्पा, पण डाग कुठं देऊ ते तरी सांगा. जिथं बोट ठेवतो तिथं आधीचा डागच हाय. तांबं सापडंना झालंय.

गुंडप्पा : मग डागावर डाग दे. लग्नातला बंब आहे माझ्या. बुडाशी नाव बघ, सासऱ्यांचं आहे.

रुद्रम्मा : माझ्या वडिलांचं. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. ह्याला मात्र हे जाऊ देईनात.

बब्रुवान : आन् हितं भोकात काय कोंबलंय?

गुंडप्पा : साबण.

बब्रुवान : साबणाखाली?

गुंडप्पा : मेण. त्याखाली थोडं डांबर. तात्पुरतं केलं होतं.

रुद्रम्मा : तात्पुरतं म्हणजे आमच्या नंदीशच्या बारशाला. नंदीशला आता पुण्यात टक्कल पडलंय.

बब्रुवान : शी. आतनं हिरवं पापुद्रं सुटायलेत, आप्पा. ह्या पाण्यानं म्या म्हस बी धुणार न्हाय.

गुंडप्पा : ते तांब्याचं सत्त्व असतं.

रुद्रम्मा : ह्यांच्या पाठीला चिकटलेलं सत्त्व मी वर्षानुवर्षं दगडानं घासून काढलंय. शिसारी आली मला त्या सत्त्वाची.

गुंडप्पा : बदलणारच नाही असं मी कधी म्हणालो? योग्य वेळ आली की बदलू. लेकानं गिझर पाठवलाय, मी ह्या घटकेला त्याच्यावरच बसलोय.

रुद्रम्मा : तीन वर्षं बसलेत. उन्हाळ्यात म्हणाले, उन्हाळ्यात गरम पाण्याची कुणाला पडलीय. पावसाळ्यात म्हणाले, ओल्या भिंतीला भोक पाडू नये. थंडीत म्हणाले, ऐन थंडीत चालू बंब कोण काढतं. आता चौथा ऋतू निघाला की बदलणार आहेत.

गुंडप्पा : बब्रुवान, तू कारागीर माणूस, तूच सांग. जे तापतंय ते उचलून फेकायचं, ह्याला काय म्हणावं? ज्या दिवशी हा बंब मला गरम पाणी देणार नाही, त्या दिवशी मी माझ्या हातानं मोडीत घालीन. शब्द आहे माझा.

रुद्रम्मा : हे ऐकून ठेवा, बब्रुवान.

बब्रुवान : ऐकलं. पर अक्काच्या दम्याचं काय? मागल्या बारीला आलतो तवा बोलता बी येत नव्हतं त्यांना.

गुंडप्पा : धाराशिवला नेऊन दाखवलं की. धुरापासून लांब राहा म्हणाला डॉक्टर. ते बिडी ओढणाऱ्यांना सांगतात.

रुद्रम्मा : त्यानं एक खेळणं दिलं होतं, नळी लावलेलं. आत तीन गोळ्या. श्वास ओढला की वर चढतात. माझी एक अर्ध्यावर गेली नि खाली बसली. बाकीच्या दोघी जागच्या हलल्या नाहीत. डॉक्टर म्हणाला, आणखी एक थंडी बंबापुढं काढलीत तर मी काही करू शकणार नाही. हे सगळं ह्यांच्यादेखत. घरी आल्यावर ह्यांनी बंबाच्या जळणाला तुराट्यांची गाडी उतरवून घेतली.

गुंडप्पा : वाळलेल्या तुराट्या होत्या. वाळलेल्याला धूर कमी.

बब्रुवान : असं म्हणता.

गुंडप्पा : आणि गिझरचं पाणी म्हणजे काय? रात्रभर डब्यात कोंडलेलं शिळं पाणी. ते अंगावर घेऊन मी लिंगपूजेला बसू? आमचा भाऊ शिवानंद बसतो. त्याचे गुडघे बघ आणि माझे बघ. आजसुद्धा दोन तांबे घेतले न् मोकळे झाले. डोळे बांधून पाणी ओता माझ्यावर. बंबाचं का गिझरचं, गुडघा सांगेल.

बब्रुवान : आजचं पाणी बंबाचं हुतं?

गुंडप्पा : म्हणजे काय. न्हाणीत धुराचा वास होता चांगला. दिवाळीपासून तर अगदी पूर्वीसारखं पाणी येतंय, साबणाचा फेससुद्धा नाही. म्हणून म्हणतो, तेवढी गळती काढ. परवा पाय घसरला माझा.

बब्रुवान : आप्पा, जरा हिकडं बघा. बसा, बसा, म्याच फिरवतो. ही मधली नळी. जाळ हितनंच वर जातो, बरूबर?

गुंडप्पा : बरोबर.

बब्रुवान : हिच्यात कोळ्याचं जाळं हाय.

गुंडप्पा : कालचं असेल.

बब्रुवान : जाळ्यावर धूळ हाय. अंडी हायत. कोळी बी हाय, ह्यो काय, निवांत बसलाय. चार म्हैनं तरी ह्या नळीत काडी पेटल्याली न्हाय.

गुंडप्पा : रुद्रम्मा.

रुद्रम्मा : ऐकतेय.

गुंडप्पा : हा काय म्हणतोय?

रुद्रम्मा : कोळी आहे म्हणतोय.

गुंडप्पा : मग मी आंघोळ कशानं करतोय?

रुद्रम्मा : खोक्यावरून उठा. उघडा ते.

गुंडप्पा : ह्यात तर रद्दी आहे.

रुद्रम्मा : तुमचेच पेपर. टाकू देत नव्हता, कामी आले. तुम्ही बसल्यावर खोकं दबायला नको ना. दिवाळीत तुम्ही रामलिंगाच्या दर्शनाला गेलात, तेव्हा नंदीशनं गिझर माडीवरच्या न्हाणीत बसवून दिला. तुम्ही काही जिना चढत नाही. पहाटे तुमच्याआधी उठून दोन बादल्या खाली आणते, बंबात ओतते. धुपाटण्यात गोवरीचा एक तुकडा ठेवते, वासापुरता.

बब्रुवान : त्या जिन्यानं, अक्का? असला दमा घेऊन?

रुद्रम्मा : चौदा पायऱ्या आहेत. सातवीवर बसते जरा. धुरापेक्षा बरं.

गुंडप्पा : चार महिने फसवलंस मला.

रुद्रम्मा : मी कशाला फसवू? गुडघ्यांना विचारा.

बब्रुवान : आप्पा, शब्द दिलता तुमी आत्ताच. आता डाग देऊ का मोडीत नेऊ?

गुंडप्पा : ने.

बब्रुवान : न्हेतो.

गुंडप्पा : बुडाचं नाव तेवढं कापून दे. तिच्या वडिलांचं आहे.

बब्रुवान : देतो की.

गुंडप्पा : आणि... तो गिझर खाली कधी आणायचा? नंदीश तर पाडव्याला येणार.

रुद्रम्मा : घाई काय आहे? योग्य वेळ आली की आणू.

गुंडप्पा : मग उद्याचं पाणी?

रुद्रम्मा : पाणी तेच. बादली तुम्ही आणा. सातव्या पायरीवर फडकं पसरलेलं आहे, बसायला.